नव्या गाडीची झीज

एक गाडी डोळ्यांपुढे आणा. डोळे मिटा असं मी म्हणणार नाही, कारण मिटल्या डोळ्यांनी पुढचं वाचायचं कसं? उघड्या डोळ्यांनीच आणा. रस्त्याच्या कडेला एक अनोळखी चारचाकी उभी आहे. आत कुणी नाही, पण दार उघडं आहे. आता कुणालाही न विचारता सांगा बघू, ही गाडी कोण चालवत असेल?

नाही सांगता येत? थोडं आत वाका. स्टिअरिंगचा वरचा भाग गुळगुळीत झालाय आणि बाकीचा खरखरीत आहे. म्हणजे चालवणारा दोन्ही हात वर घट्ट धरून बसतो. स्वारी जरा भित्री दिसते. सीटची दाराकडची कड दबलीये. म्हणजे माणूस अंगाने भारी आहे आणि उतरताना तिथे भार देतो. हॉर्नवरचं चित्र पार पुसलं गेलंय. भित्रा असून तापटही आहे की! बघा, माणूस समोर नसताना आपण त्याला ओळखायला लागलो. वस्तू वापरली की झिजते, आणि झीज चहाडी करते.

ही विद्या एका मुलीला येत होती. तिच्या आत्याचं गॅरेज होतं आणि शाळा सुटली की मुलगी तिथेच असायची. आत्याने तिचं नाव पक्कड ठेवलं होतं, कारण एकदा प्रश्न धरला की ही सोडायची नाही. पुढे घरीदारी तेच नाव रूढ झालं.

पक्कडला एक धाकटा भाऊ होता. त्याच्या अंगात रक्त टिकत नसे. काही आठवडे बरे जात, मग त्याचा चेहरा मेणासारखा होई, जिना चढताना तो मधल्याच पायरीवर बसून घेई, आणि कुणी विचारलं तर म्हणे, "दमलो नाही, पायरी बघतोय." मग त्याला घाटापलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेऊन रक्त चढवावं लागे. डॉक्टरीणबाईंनी आईबाबांना स्पष्ट सांगितलं होतं, "वेळेवर येत राहिलात तर हा मुलगा चांगला मोठा होईल." त्यांचा सगळा जोर 'वेळेवर' या शब्दावर होता.

आणि नेमकी गाडीच वेळेवर दगा देऊ लागली. हिवाळ्यातल्या एका सकाळी, धुकं इतकं की पुढचं वळण दिसत नव्हतं, घाटाच्या ऐन मध्यावर तिने मान टाकली. बाबा चष्मे बनवायचे. काचेवरचा केसाएवढा ओरखडा त्यांना दिसे, पण बॉनेटखालचं त्यांना काही कळत नसे. ते नुसतेच आत बघत उभे राहिले. आईने धाकट्याला स्वतःच्या कोटात घेतलं. त्याचे ओठ पांढरे पडत चालले होते. शेवटी एका टँकरवाल्याने सगळ्यांना केबिनमध्ये कोंबून नेलं म्हणून निभावलं.

त्या दिवसापासून घरात एकच विषय सुरू झाला. गाडी घ्यायची. पण जुनी की नवी?

"नवीच," बाबा म्हणाले. "दुसऱ्याचं दुखणं विकत घ्यायला मी काय खुळा आहे?"

"नवी काय अमरपट्टा बांधून येते?" आत्या म्हणाली. ती बाबांची थोरली बहीण. बाबांचं लग्न झालं तरी तिने त्यांचा कान धरायचं सोडलं नव्हतं. "जुन्या गाडीला जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलेलं असतं. तिच्या खोडी मला दिसतात. नवीच्या पोटात काय आहे ते तिचं तिलाही ठाऊक नसतं."

"ताई, तू गॅरेजवाली. सगळ्यांनी नव्या गाड्या घेतल्या तर तुझं दुकान बसेल, म्हणून म्हणतेस."

"बसलं तर तुझ्याकडे जेवायला येईन. तेव्हा माझी नको, तुझी काळजी कर."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "भांडण संपलं की सांगा. मला फक्त घाटात न थांबणारी गाडी हवी."

मग आत्या आणि पक्कड जुन्या गाड्या बघत फिरल्या. एका विक्रेत्याने सांगितलं, "एका म्हाताऱ्या बाईंची गाडी आहे. फक्त वाचनालयात जायच्या." पक्कडने आत डोकावून विचारलं, "बाई खूप उंच होत्या का? सीट अगदी मागे सरकवलीये. आणि छताला सिगारेटचा वास येतोय." विक्रेता आत्याकडे बघून म्हणाला, "पोरगी कुणाची हो ही?" आत्या म्हणाली, "माझीच म्हणा."

पण एक गाडी आत्याला मनापासून आवडली. निवृत्त झालेल्या एका मास्तरांची. इंजिन गार असताना एका फटक्यात सुरू झालं. तेल स्वच्छ. पायाखालचे गालिचे उचलले तर खाली ओल नाही. दारांवर लोहचुंबक फिरवला, तो सगळीकडे सारखाच चिकटला, म्हणजे कुठे पत्रा ठोकून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली नाही. ब्रेकच्या पेडलवरचं रबर झिजलं होतं, पण मास्तर जेवढी गाडी चालवली म्हणत होते तेवढंच. "खरं बोलणारा माणूस आणि खरं बोलणारी गाडी," आत्या म्हणाली. "ही घ्या."

आईने तिला एकच विचारलं. "ही कधीच बंद पडणार नाही, अशी खात्री देता?"

खोटं बोलणं आत्याला जमत नसे. "खात्री नाही देता येत. अंदाज देते."

शोरूमवाला लेखी हमी देत होता. नवी घ्यायचं ठरलं.

नवी गाडी पांढरी होती. आतल्या कापडाचा रंग फिका राखाडी, आणि सगळ्या सीटांवर जाड प्लास्टिकची आवरणं, कारखान्यात शिवून बसवल्यासारखी. नव्या वस्तूचा एक वास असतो ना, वहीचं पहिलं पान उघडल्यावर येतो तसा, तो गाडीभर दाटला होता. शोरूमवाला कडक इस्त्रीचा, हसतमुख माणूस होता. आत्याने सवयीने दार उघडलं, गुडघ्यावर बसली आणि पेडलवर टॉर्च मारला.

"अहो बाई, नवी कोरी आहे ती," तो हसला. "जन्मलेल्या बाळाचे दात काय मोजता?"

"या बाळाला दात आहेत," आत्या म्हणाली.

ब्रेकच्या पेडलवरच्या रबराची बाहेरची कड झिजली होती. थोडीथोडकी नाही. वर्षानुवर्षं कुणीतरी पाऊल तिरकं ठेवून दाबावं तशी, आतली जाळी दिसेपर्यंत.

शोरूमवाल्याचं हसू ओसरलं. त्याने शपथा घेतल्या. गाडी कुणी चालवली नाही, किलोमीटरचा काटा बघा, टायरवरची बारीक रबरी लव बघा. आत्याने बघितली. टायर खरंच रस्त्याला लागलेले नव्हते. तरी तिने ती गाडी परत केली. "वापरलेली गाडी नवी म्हणून गळ्यात मारता?" असं चारचौघांत सुनावलंसुद्धा.

आठवड्याभरात दुसरी गाडी आली. यावेळी आत्या, बाबा आणि पक्कड फाटकापाशीच उभे राहिले. गाड्या वाहून आणणारा लांबलचक ट्रक आला, वरून तशीच एक पांढरी गाडी हळूहळू उतरवली गेली. दारांवरच्या कारखान्याच्या चिकटपट्ट्या शोरूमवाल्याने सगळ्यांदेखत कापल्या.

आत्या गुडघ्यावर बसली. टॉर्च लावला. बराच वेळ उठली नाही.

तीच कड. तशीच जाळी.

मग ती ट्रकवरून उतरलेल्या बाकीच्या गाड्यांकडे गेली. एकेक दार उघडून वाकली. त्या सगळ्यांची पेडलं कोरी होती. शोरूमवाला आता थट्टा करत नव्हता. रुमालाने मान पुसत तो म्हणाला, "साच्यातला दोष असेल. कारखान्यात होतं असं कधीकधी. रबर बदलून देतो ना."

बाबांनी मान डोलावली. जुनी गाडी मोडीत गेली होती, आणि धाकट्याला दुसऱ्या दिवशी न्यायचं होतं. त्या सकाळीही तो जिन्यातल्या पायरीवर बसला होता. रबर बदललं, गाडी घरी आली.

आणि गाडी होती मात्र लाखात एक. घाटात धुकं होतं, रस्ता निसरडा होता, तरी ती एका सुरात चढली. इंजिन कुरकुरलं नाही, वळणावर डगमगली नाही. आईने कितीतरी महिन्यांनी डोकं मागे टेकलं. धाकट्याने खिडकीच्या काचेवर वाफ सोडून बोटाने एक हत्ती काढला आणि म्हणाला, "हा सर्दीचा हत्ती." पक्कड हसली, आणि सहज तिची नजर पुढे बाबांच्या पायाकडे गेली.

बाबांचा घोटा लहानपणी मोडला होता. तेव्हापासून ते उजवं पाऊल तिरकं टाकत. ब्रेक दाबताना त्यांच्या बुटाची बाहेरची कड तेवढी टेकत होती.

तिने ते मनात टिपून ठेवलं. तुमच्यापैकी कुणीही तेवढंच केलं असतं. एका गोष्टीवरून काही ठरवायचं नसतं, असं आत्याने शिकवलं होतं. निदान दुसरी खूण शोधायची.

दुसरी खूण शोधावी लागली नाही. गिअरच्या दांड्यावरच्या मुठीला बारीक खळगे पडले होते, धान्य टोचल्यासारखे. गाडी सिग्नलला थांबली की बाबा हातातली अंगठी त्या मुठीवर टकटक वाजवत. टक, टक. अंगठी बरोबर खळग्यात बसत होती.

तिसरी खूण आईपाशी होती. घाट आला की आई सीटचा पट्टा छातीजवळ धरून त्याची कड दोन बोटांत चोळत राही. तिचं तिलाही ते ठाऊक नव्हतं. पट्ट्याची कड नेमकी तेवढीच विसविशीत झाली होती. सुटे धागे तिच्या बोटांतून डोकावत होते.

घरी आल्यावर पक्कडने सायकल काढली आणि सरळ गॅरेज गाठलं.

"आत्या, नवी गाडी जुनी आहे."

"ते मीही म्हटलं होतं. मग?"

"पण दुसऱ्या कुणाची नाही. आपलीच."

आत्याने हातातला पाना खाली ठेवला. हसेल असं पक्कडला वाटलं होतं. ती हसली नाही. पेडलचं रबर बदललं तेव्हापासून तिच्या डोक्यात काय चाललं होतं कुणास ठाऊक. तिने हात पुसले आणि म्हणाली, "चल. प्लास्टिक काढून बघू."

बाबा दुकानात होते, आई धाकट्याला निजवत होती. अंगणात दुपारचं मळकट ऊन पडलं होतं. आत्याने पुढच्या दोन्ही सीटांची आवरणं शिवण उसवून काढली. आतल्या कापडाला आजवर माणसाचा हात लागलेला नव्हता. बाबांची सीट एका बाजूला कलून दबली होती.

मग ती मागे आली. मुलं जिथे बसतात तिथे, म्हणजे पुढच्या सीटांच्या पाठीसमोर.

आता नीट लक्ष द्या, कारण हे समजायला सोपं आहे, पण आधी कुणी बघितलेलं नसतं. लहान मूल गाडीत बसलं की त्याचे पाय खाली पोचत नाहीत. ते समोर सरळ येतात आणि बुटांची टोकं पुढच्या सीटच्या पाठीला वरच्या अंगाला घासतात. मूल वाढतं तसे पाय खाली उतरतात. बुटांचे डागही खाली खाली येतात. मग कधीतरी पाय जमिनीला टेकतात आणि डाग संपतात. त्यानंतर वर, पार वर, गुडघ्यांचे दोन गोल घासले जातात.

पक्कड नेहमी आईच्या मागे बसायची. आईच्या सीटच्या पाठीवर डागांची एक शिडीच होती. वरून खाली आलेली, जिथे संपली तिथे जमीन. आणि वर दोन गुडघ्यांचे गुळगुळीत गोल. पक्कडने बसून पाहिलं. आज तिच्या बुटाचं टोक शिडीच्या मधल्या पायरीवर लागलं. गोलांपर्यंत तिचे गुडघे अजून पोचत नव्हते.

तिला आधी मजाच वाटली. "आत्या, मी चांगली उंच होणारे!"

आत्या दुसऱ्या सीटकडे बघत होती. बाबांच्या सीटच्या पाठीकडे, जिच्यासमोर धाकटा बसायचा.

तिथे वरच्या बाजूला एकच डाग होता. तळहाताएवढा, अगदी फिका. आज धाकट्याचे बूट जिथे लागतात, बरोबर तिथे.

त्याच्या खाली कापड कोरं होतं.

पक्कडने बोट ओलं करून डाग पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

"आत्या, खाली का नाहीये?"

"असेल काहीतरी."

"आत्या."

"सोड गं पक्कड," आत्या म्हणाली. हे दोन शब्द तिने भाचीला याआधी कधी म्हटले नव्हते. तिने गाडीतलं एक जुनं फडकं उचललं आणि त्या सीटच्या पाठीवर टाकलं. जरा वेळाने ते आपसूक घसरून खाली पडलं.

संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "मास्तरांची गाडी अजून विकली गेली नाहीये. बदलून टाकूया."

"का? ही कधी बंद पडली?"

"नाही."

"पडेल असं वाटतं?"

आत्याने समोरचं ताट जरा बाजूला सरकवलं. "नाही. ही कधीच बंद पडणार नाही."

"मग झालं तर," बाबा समाधानाने म्हणाले. "भरवशाची आहे. आणखी काय हवं आपल्याला?"

आत्या उठून गेली. ताटात वाढलेलं तसंच राहिलं.

पुढच्या फेरीला आईला कामावरून सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिच्या जागी आत्या बसली. निघायच्या आधी पक्कडने भावाचा हात धरला. "आजपासून तू या बाजूला बसायचं. आत्याच्या मागे. ही जागा तुझी."

"का?"

"इकडून घाट चांगला दिसतो."

"मग तू का सोडतेस?" धाकट्याने संशयाने विचारलं. बहिणीने आपण होऊन चांगली जागा दिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"बस म्हटलं ना!"

तो बसला. शिडी आता त्याच्यासमोर होती, ते दोन गोलही. पक्कड बाबांच्या मागे बसली, त्या फिक्या डागासमोर. तिने मुद्दाम पाय उचलले नाहीत. गाडी सुरू झाली. गावाबाहेर पडेपर्यंत ती नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. मनातून तिला भीती वाटत होती. पण धाकट्याच्या पुढ्यात शिडी आहे, या विचाराने ती भीती गिळता येत होती.

घाट लागला. धुक्यात शिरताच आत अंधारलं. बाबांनी दिवे लावले.

पक्कडने समोर पाहिलं.

बाबांच्या सीटच्या पाठीवर शिडी होती. वरून खाली. वर गुडघ्यांचे दोन गोल.

तिने मान वळवली. आत्याच्या सीटची पाठ कोरी होती. फक्त वर, धाकट्याच्या बुटांसमोर, एक फिका डाग.

पुढे आत्या मागे वळली होती. तिनेही पाहिलं. तिची आणि पक्कडची नजर एक झाली. बाबांची अंगठी वाजत होती. टक, टक. गाडी एका सुरात चढत होती.

"तायडे," धाकटा हळूच म्हणाला, "मला झोप येतेय." त्याचे ओठ पांढरे दिसत होते.

"झोपू नकोस. बूट दे तुझा."

"कशाला?"

"दे."

तिने त्याच्या पायातला बूट ओढून काढला, त्यात स्वतःचा हात घातला, पुढे वाकली आणि त्या डागाच्या खाली, कोऱ्या कापडावर, बुटाचं टोक घासायला लागली. आधी डागाच्या जरा खाली. मग आणखी खाली. बुटाला बाहेरचा चिखल लागलेला होता, तो तिने बोटाने टोकावर ओढून घेतला. वळणं आली आणि गेली. तिचं मनगट भरून आलं.

"किती घासणारेस?" धाकट्याने विचारलं.

"जमिनीपर्यंत."

कापडावर काहीच उमटत नव्हतं.

तिने बूट खाली ठेवला, वाकून त्याच्या दुसऱ्या पायातला काढला, आणि पुन्हा घासायला लागली.